कबड्डीची चढाई आणि टायपिंगची बोटे

आमच्या बुद्धविहाराच्या मागे थोडी मोकळी जागा आहे. संध्याकाळी तेथे वस्तीतल्या मुली कबड्डी खेळतात. माझी भाचीही त्यांच्यातलीच. ती डाव्या कोपऱ्यात उभी राहते. अंगाने किरकोळ, पण चपळ आणि जिद्दी. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेआधी मंडळाच्या संघाची यादी लागली आणि तिचे नाव त्यात नव्हते. कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले ते एवढेच, "हिला पकडी जमत नाहीत."

घरात रडारड झाली. दोन दिवस पोरगी धड जेवली नाही. माझा भाऊ म्हणाला, "आपल्या वस्तीतली आहे, म्हणून काढली. दुसरे काय?" खोटे कशाला बोलू, माझ्याही मनात तेच आले होते. आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या इतके सोसले आहे की असा प्रसंग आला की संशय आधी येतो आणि विचार मागून येतो. तो संशय नेहमीच खोटा असतो असेही नाही. म्हणूनच तो तपासून पाहणे अवघड जाते.

पण तिसऱ्या दिवशी भाची माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आत्या, चार सामन्यांचे व्हिडिओ दादाच्या मोबाइलमध्ये आहेत. मी स्वतःच बघते, मी कुठे चुकते आणि कुठे नाही ते."

वाचक भगिनींनो, तिच्या त्या एका वाक्यासाठी हा लेख लिहीत आहे. त्या चार व्हिडिओंच्या निमित्ताने माझ्या म्हाताऱ्या बोटांना पुन्हा काम मिळाले आणि आम्ही दोघी जे शिकलो ते आपल्या घराघरांतल्या खेळणाऱ्या मुलामुलींच्या उपयोगी पडेल असे वाटते.

चार रात्री आणि एकच सामना

मोबाइलमधले व्हिडिओ आम्ही लॅपटॉपवर घेतले. लॅपटॉप जुनाच, माझ्या मुलाने टाकून दिलेला. भाची माउस हातात घेऊन बसली. चढाई दिसली की व्हिडिओ थांबवायची. मग खालची पट्टी माउसने धरून मागे ओढायची. ती हटकून जास्त मागे जायची. पुन्हा पुढे. नेमकी जागा सापडली की वेळ वहीत लिहायची, कोणी चढाई केली ते लिहायचे, काय झाले ते लिहायचे. तेवढ्यात डोळा वहीवर, हात माउसवर आणि लक्ष तिसरीकडेच.

एका सामन्याला तिला चार रात्री लागल्या. चौथ्या रात्री तिने वही मिटली आणि म्हणाली, "आत्या, हे काही होणार नाही."

थोडा हिशेब मांडून पाहा. पुरुषांचा मोठा सामना मध्यंतराआधी २० आणि नंतर २० मिनिटे, म्हणजे ४० मिनिटांचा असतो. एका चढाईला जास्तीत जास्त ३० सेकंद. प्रत्येक चढाई पूर्ण वेळ चालली असे धरले तरी ८० चढाया झाल्या. एका चढाईमागे माउसच्या ओढाताणीत दीड मिनिट गेले, तर १२० मिनिटे, म्हणजे दोन तास नुसत्या शोधाशोधीत जातात. त्यात सामना पाहण्याचा वेळ धरलेलाच नाही. दिवसभर शाळा-कॉलेज, घरचे पाणी-लावणे आणि संध्याकाळचा सराव उरकून बसणाऱ्या मुलीला हे कसे झेपणार?

मी तिच्या मागे बसून भाजी निवडत होते. माझे लक्ष पडद्याकडे नव्हतेच, तिच्या हाताकडे होते. उजवा हात माउसवर फिरून फिरून दमलेला आणि डावा हात मांडीवर रिकामा! जन्मभर टायपिंग केलेल्या बाईला हे बघवेना.

ए-एस-डी-एफची शिदोरी

आमच्या पिढीत दहावी झाली की मुलाला-मुलीला टायपिंगच्या क्लासला घालायचे, हा आपल्या वस्त्यांमधला रिवाजच होता. मराठीचे ३०, इंग्रजीचे ४० शब्दांचे प्रमाणपत्र हाती असले की सरकारी नोकरीचे दार निदान ठोठावता यायचे. एका खोलीत दहा-बारा मशिनी, त्यांचा खडखडाट, शाईच्या फितीचा वास आणि मास्तरांचा एकच आग्रह, "खाली बघायचे नाही!" पहिले पंधरा दिवस नुसते ए-एस-डी-एफ आणि डावीकडची बोटे. मग उजवीकडची. मास्तर आमच्या हातांवर फडके टाकत. डोळे कागदावर आणि बोटे आपल्या जागी. बोटाला एकदा आपले घर कळले की ते कोठेही जाऊन परत घरी येते, असे ते म्हणायचे.

आपल्या समाजात या बोटांना मान आहे. परमपूज्य बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षांत त्यांच्या हस्तलिखितांचे टंकलेखन नानकचंद रत्तू यांनी केले. दिल्लीत नोकरी सांभाळून ते २६, अलीपूर रोडच्या निवासस्थानी येत आणि बाबासाहेबांनी लिहिलेली पाने मशिनवर उतरवीत. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यामागे त्या बोटांचेही कष्ट आहेत. टंकलेखक म्हणजे नुसता कारकून असे ज्यांना वाटते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मी भाचीला म्हटले, "माउस बाजूला ठेव. दोन्ही हात कीबोर्डवर ठेव. एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटा लागतोय का? डाव्या तर्जनीचे घर एफ, उजव्या तर्जनीचे घर जे. आता खाली बघायचे नाही."

ती हसली. पण बसली.

व्हिडिओ चालवण्याच्या कळा

पहिली पायरी म्हणजे व्हिडिओ माउसशिवाय चालवणे. व्हीएलसी नावाचा व्हिडिओ दाखवणारा कार्यक्रम फुकट मिळतो आणि जुन्या संगणकावरही चालतो. विंडोजच्या संगणकावर त्याच्या कळा अशा आहेत. स्पेसबार दाबला की चित्र थांबते, पुन्हा दाबला की चालू होते. शिफ्ट धरून डावा बाण दाबला की ३ सेकंद मागे जाते, ऑल्ट धरून दाबला तर १० सेकंद मागे. उजव्या बाणाने तसेच पुढे. ई ही कळ दाबली की चित्र एकेक चौकट पुढे सरकते. पाय रेषेवर होता की रेषेबाहेर, हे ठरवायला तीच उपयोगी. चौकोनी कंसाच्या दोन कळांनी वेग कमी-जास्त होतो आणि बरोबरच्या चिन्हाच्या कळेने मूळ वेगावर येतो.

एवढ्या सहा-सात कळा बोटांना कळल्या की निम्मे काम हलके होते. बाणाने १० सेकंद मागे जाणे आणि माउसने पट्टी ओढून मागे जाणे यांत फरक काय? बाण दर वेळी नेमका तेवढाच मागे जातो. हात अंदाज करतो, कळ अंदाज करीत नाही.

व्हिडिओ कापण्या-जोडण्याच्या बहुतेक मोठ्या कार्यक्रमांत आणखी एक सोय असते. जे दाबली की चित्र मागे, के दाबली की थांबते, एल दाबली की पुढे. आय दाबली की तुकड्याची सुरुवात, ओ दाबली की शेवट. जे, के, एल या तर उजव्या हाताच्या घरातल्याच कळा! ज्याने टायपिंग केले आहे त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

खूण कशी करायची

दुसरी पायरी म्हणजे खूण. सामना चालू असताना एक कळ दाबायची आणि त्या क्षणाची वेळ व नाव आपोआप तक्त्यात उतरायचे. व्यावसायिक संघ यासाठी स्पोर्ट्सकोड, नॅकस्पोर्ट असे विकतचे कार्यक्रम वापरतात. ते आपल्या आवाक्यातले नाहीत. आम्ही बोरिस नावाचा कार्यक्रम घेतला. तो फुकट आहे. इटलीतील तोरिनो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी तो प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करण्यासाठी तयार केला आणि २०१६ साली अभ्यासकांपुढे मांडला. माकडाने कधी खाल्ले, कधी अंग खाजवले, कधी दुसऱ्याच्या अंगावर धावून गेले, हे व्हिडिओ पाहता पाहता कळ दाबून नोंदायचे, हा त्याचा मूळ उपयोग. भाची म्हणाली, "मग आम्ही कोण?" मी म्हटले, "धावून जाणारेच की!"

या कार्यक्रमाला आधी सांगावे लागते की कोणत्या गोष्टी नोंदायच्या आणि कोणती कळ कशासाठी. आम्ही पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात सतरा खुणा ठरवल्या. घोटा पकड, मांडी पकड, कंबर पकड, साखळी, बोनस, हाताचा गडी, पायाचा गडी, लोण, अव्वल पकड, सगळेच! पहिल्या पाच मिनिटांतच गोंधळ उडाला. कोणती कळ कशाची हे आठवेपर्यंत पुढची चढाई निघून जायची.

मग आम्ही मास्तरांचाच नियम लावला. आधी चारच बोटे. डाव्या हाताच्या घरातल्या चार कळा घेतल्या. ए म्हणजे चढाईत गडी टिपला. एस म्हणजे पकड झाली. डी म्हणजे बोनस. एफ म्हणजे रिकामी चढाई. बस्स. चढाईचा शेवट बहुधा या चारांपैकीच कशाने तरी होतो. गुण आणि बोनस दोन्ही मिळाले तर दोन कळा. स्पेसबार अंगठ्याखाली. उजवा हात बाणांसाठी मोकळा.

आता यातली खरी युक्ती सांगते, कारण ती कळायला आम्हाला आठवडा लागला. खूण चढाईच्या सुरुवातीला करायची नाही, निकाल लागल्यावर करायची. सुरुवातीला कळ दाबली तर पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक नसते, मग नाव काय देणार? निकाल लागला, पंचांचा हात वर गेला, की कळ दाबायची. आणि तुकडा काढताना कार्यक्रमाला सांगायचे की खुणेच्या आधीचे ८ सेकंद आणि नंतरचे ३ सेकंद घे. पकड कशी घडली हे त्या शेवटच्या ८ सेकंदांतच असते. म्हणजे आपण मागे जायचे नाही, मागे जाण्याचे काम यंत्राने करायचे.

असे केले की सामना न थांबवता एका दमात पाहता येतो. मग दुसऱ्या फेरीत फक्त तुकडे पाहायचे. हिशेब करा : ११ सेकंदांचे ८० तुकडे म्हणजे ८८० सेकंद, पंधरा मिनिटांहूनही थोडे कमी. या दुसऱ्या फेरीत बारीकसारीक तपशील लिहायचे. पकड घोट्याची की मांडीची, कोपऱ्यातली की मधली, मदतीला कोण आले. पहिल्या फेरीत जे सतरा खुणांनी जमत नव्हते, ते दोन फेऱ्यांत चार खुणांनी जमले. चार रात्रींचे काम एका संध्याकाळवर आले.

चुकाही पुष्कळ झाल्या. एका रात्री संगणकावर मराठी कळफलक चालू राहिला होता. वीस मिनिटे भाची कळा दाबत राहिली आणि तक्त्यात एकही खूण पडली नाही. तेव्हापासून पहिल्या चढाईची खूण पडली का, हे पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही असा आम्ही नेम केला. चुकीची कळ दाबली गेली तर तिथेच थांबून दुरुस्त करीत बसायचे नाही. बाजूच्या वहीत एक टिंब काढायचे आणि नंतर निस्तरायचे.

मोजणे बरोबर, निष्कर्ष घाईचा

खेळ मोजण्याची ही कल्पना आजची नाही. इंग्लंडमध्ये चार्ल्स रीप नावाचे हवाई दलात हिशेबाचे काम करणारे गृहस्थ होते. १८ मार्च १९५० रोजी स्विंडन गावच्या फुटबॉल संघाचा सामना पाहताना त्यांनी कागद-पेन्सिल काढली आणि प्रत्येक हल्ल्याची खूण करायला सुरुवात केली. पुढे वर्षानुवर्षे ते खुणा करीत राहिले. १९६८ साली त्यांनी बर्नार्ड बेंजामिन या संख्याशास्त्रज्ञाबरोबर या नोंदींवर शोधनिबंध लिहिला. ना व्हिडिओ, ना संगणक. पण माणसाने नेटाने एवढे मोजले, याचे कौतुकच वाटते.

मात्र रीप यांच्या कामात आपल्यासाठी एक इशाराही आहे. त्यांना दिसले की बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासच्या हल्ल्यांतून होतात. त्यावरून त्यांनी ठरवले की जास्त पास देत बसू नये, चेंडू लांब मारावा. पुढच्या अभ्यासकांनी विचारले, अहो, पण बहुतेक हल्ले मुळातच कमी पासचे असतात! मग गोलही त्यांतूनच जास्त होणार. किती हल्ल्यांमागे किती गोल, हे पाहायला हवे. २००५ साली ह्यूज आणि फ्रँक्स या दोघांनी तसा हिशेब मांडला, तेव्हा चित्र बरेच वेगळे दिसले. रीप यांचे मोजणे बरोबर होते, निष्कर्ष घाईचा होता.

आमच्या घरात नेमके हेच घडले. भाचीने चारही सामन्यांतल्या स्वतःच्या फसलेल्या पकडी काढल्या. त्या १३ भरल्या. पोरीचा चेहरा उतरला. "खरेच म्हणत होते ते, आत्या." मी म्हटले, "थांब. फसलेल्याच मोजल्यास. जमलेल्या किती? आणि फसल्या तेव्हा बाजूचे काय करीत होते?"

पुन्हा तुकडे पाहिले. जमलेल्या पकडी ९ निघाल्या. म्हणजे एकूण प्रयत्न २२. आता त्या १३ फसलेल्या पकडींचे तुकडे आम्ही एकामागून एक लावले. त्यांपैकी ८ वेळा तिने घोटा नीट धरला होता, पण शेजारची खेळाडू जागची हललीच नव्हती. एकटीच्या हातून चढाई करणारी धडधाकट मुलगी सुटून मध्यरेषेला टेकली. उरलेल्या ५ वेळा मात्र चूक सरळ भाचीची होती. समोरची वळायच्या आधीच हिने झेप घेतली होती. घाई! ई ही कळ दाबून एकेक चौकट पाहिली तेव्हा ती घाई लपवायला जागाच राहिली नाही.

आठ आणि पाच. भाऊ ८ चा आकडा ऐकून म्हणाला, "बघ! मी म्हणत नव्हतो?" भाची म्हणाली, "पप्पा, पाचही बघा ना."

भगवान बुद्धांनी कालामांना केलेला उपदेश आपण विहारात ऐकतो. कोणी सांगितले म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासा, हा त्याचा आशय. आपण तो इतरांच्या अंधश्रद्धेला लावतो. स्वतःच्या रागाला आणि स्वतःच्या मुलांवरच्या मायेला लावत नाही. त्या रात्री पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीने तो आम्हा मोठ्यांना लावून दाखवला.

आकडा होता, तरीही

पण मग संशयाला काही अर्थच नाही का? आहे. इतिहास विसरून चालणार नाही.

पालवणकर बाळू हे नाव आपल्यातल्या जुन्या लोकांना ठाऊक असेल. चर्मकार समाजात जन्मलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबवर त्यांना सराव देता देता तो तयार झाला. हिंदूंच्या संघात घेतला, तर मैदानावर चेंडू द्यायचा आणि चहाच्या वेळी त्याला बाहेर वेगळ्या भांड्यात चहा द्यायचा, असा तो काळ. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. ते धावपुस्तकात लिहिले गेले, म्हणून आज शतकानंतरही कोणाला नाकारता येत नाहीत. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ साली मिळाले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पराभूत झाले, तो राजकारणाचा भाग वेगळा. खेळाडू म्हणून त्यांच्यावर झालेला अन्याय त्यामुळे कमी होत नाही.

यातून घ्यायचे ते असे. आकडा हाती असला की न्याय मिळतोच असे नाही. पण आकडा नसला तर अन्याय झाला हे सिद्धही करता येत नाही. "हिला जमत नाही" या बोलण्याला "मला वाटते जमते" हे उत्तर पुरत नाही. "हे २२ प्रयत्न, हे त्यांचे तुकडे, बसा आणि बघा," हे उत्तर पुरते. मग समोरचा प्रामाणिक असेल तर पाहील. प्रामाणिक नसेल तर तेही चारचौघांत उघडे पडेल.

भाचीने मंडळाच्या सरांना तुकडे दाखवायचे ठरवले. भाऊ म्हणत होता, आठच दाखव. तिने तेराही दाखवले. सर आधी नाखुशीनेच बसले. पाच-सहा तुकड्यांनंतर मात्र त्यांनी स्वतःच "हा पुन्हा लाव" म्हणायला सुरुवात केली. शेवटी म्हणाले, "शेजारचीला आत यायला मी शिकवलेच नाही नीट. आणि तू थोडी थांबायला शीक." माफी वगैरे कोणी मागितली नाही. संघाची यादीही बदलली नाही. त्या स्पर्धेला ती गेली नाहीच.

पण त्यानंतर सरावात डावा कोपरा आणि त्याच्या शेजारची खेळाडू यांची जोडी करून रोज पकडीचा सराव होऊ लागला. पुढच्या स्पर्धेत भाची राखीव खेळाडूंत होती आणि मध्यंतरानंतर तिला उतरवले. आता सामना झाला की सर तिला विचारतात, "तुकडे कधी मिळतील?" शेजारची जी मुलगी तेव्हा जागची हलत नव्हती, ती आता हिच्या शेजारी बसून खुणा तपासते. दोघी एकच सामना वेगवेगळा खुणावतात आणि मग तक्ते जुळवतात. जिथे जुळत नाही तिथे तुकडा पुन्हा पाहतात. एकाच्या डोळ्यावर विसंबू नये, ही सवय मला फार आवडली.

पालकांसाठी चार गोष्टी

पहिली गोष्ट, यासाठी नवा संगणक किंवा महाग क्लास लागत नाही. विहारात किंवा अभ्यासिकेत एक जुना लॅपटॉप मंडळाने मिळून ठेवला तरी चार-पाच मुलामुलींचे भागते. व्हिडिओ घेताना मोबाइल आडवा आणि स्थिर ठेवावा, उंचावरून घ्यावा आणि दोन्ही निदान रेषा दिसतील असा ठेवावा. जे चित्रात आलेच नाही, त्याची खूण कोण करणार?

दुसरी गोष्ट मुलींच्या आयांसाठी. खेळणाऱ्या मुलींचे व्हिडिओ हे संघाच्या अभ्यासासाठी आहेत. ते गटागटांवर पाठवू नयेत, कोणालाही देऊ नयेत. कोणाकडे किती प्रती आहेत, हे एका जबाबदार बाईने वहीत लिहून ठेवावे. आमच्या मंडळात ती वही माझ्याकडे आहे.

तिसरी गोष्ट शरीराची. तासन्‌तास कळा दाबल्या की मनगट धरते, हे मी नोकरीत भोगले आहे. मनगट सरळ ठेवावे, टेबलाच्या कडेवर दाबू नये. कळ हलकेच दाबावी, हातोडा मारू नये. दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठावे, बोटे उघडझाप करावीत आणि खिडकीतून लांब पाहावे. ज्या हातांनी पकड करायची, तेच हात आधी जपायला हवेत.

चौथी गोष्ट पोटापाण्याची. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली. आता व्यावसायिक संघांबरोबर व्हिडिओचा अभ्यास करणारी माणसे असतात. क्रिकेट आणि फुटबॉलमध्ये तर हे काम आधीपासूनच आहे. खेळ समजणाऱ्या आणि बोटे चालणाऱ्या मुलांना यात वाव आहे. पण "इतके पैसे भरा, नोकरी देतो" म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. आधी आपल्याच मंडळाचे दहा सामने नीट खुणावून ठेवा. तेच तुमचे प्रमाणपत्र. आणि अभ्यास सोडून हे करू नका, हे सांगायला नकोच.

शेवटी एक सांगते. विपश्यनेच्या शिबिरात आम्हाला शिकवतात की जे घडते आहे ते नीट पाहा, त्याची नोंद घ्या, पण त्यात आपले काही मिसळू नका. खूण करतानाही तेच आहे. पकड फसली की "अरेरे" म्हणत बसलात तर पुढची चढाई निसटते. गडी टिपला म्हणून टाळ्या वाजवल्यात तर कळ दाबायची राहते. पाहायचे, कळ दाबायची आणि पुढे जायचे. राग, कौतुक, वाद हे सगळे दुसऱ्या फेरीत. सम्यक स्मृतीचा हा धडा मला साठीनंतर कबड्डीच्या व्हिडिओने दिला.

माझ्या टायपिंगच्या मशिनीवर आता धूळ आहे. ती परीक्षाही आता संगणकावर होते. पण ए-एस-डी-एफवरची बोटे वाया गेली नाहीत. तेव्हा त्यांनी घरात पगार आणला. आता ती पोरीला स्वतःचा खेळ डोळे उघडे ठेवून पाहायला शिकवतात. तुमच्याही घरात अशी टायपिंग शिकलेली एखादी आत्या, मावशी, काका असतील. त्यांना पोरांच्या शेजारी बसवा. माउस बाजूला ठेवायला तेच सांगतील!

जय भीम.